युरोपातली रिव्हर क्रूझ: केबिन कुठली, एक्सकर्शन कुठली (पूर्ण सीझन वापरून झाल्यावरचा अनुभव)

आम्ही फ्रँकफर्टला राहतो, त्यामुळे एप्रिल ते ऑक्टोबर घरी कोणी ना कोणी पाहुणे असतातच, आणि आईबाबांच्या वयाच्या माणसांना रोज नवीन हॉटेल, बॅगा उचला, ट्रेन बदला हे झेपत नाही म्हणून या वर्षी रिव्हर क्रूझ करून बघायचं ठरवलं. आधी आईबाबांबरोबर डॅन्यूब नदीवर पासाऊ ते बुडापेस्ट आणि परत, मग सासूबाई आणि आत्यांबरोबर ऱ्हाईन, आणि मधे पुण्याच्या मैत्रिणीच्या घरच्यांचं प्लॅनिंगही मीच करून दिलं. बुकिंगच्या आधी मी जेवढं वाचलं त्यातलं निम्मं समुद्रातल्या क्रूझचं ज्ञान होतं, ते नदीवर लागू पडत नाही. म्हणून सविस्तर लिहितेय.

सगळ्यात आधी केबिन, कारण पैसा तिथेच जातो. पुण्यातल्या एका एजंटने मैत्रिणीला ठासून सांगितलं होतं की बाल्कनी नसेल तर क्रूझला अर्थच नाही. नदीवर असं नसतं. डॅन्यूब आणि ऱ्हाईनवर बोट बराचसा प्रवास रात्री करते, दिवसा ती कुठल्यातरी गावाला धक्क्याला बांधलेली असते आणि तुम्ही गावात फिरत असता. म्हणजे बाल्कनीतून बघण्यासारखं असतं तेव्हा तुम्ही झोपलेले, आणि जागे असता तेव्हा समोर धक्क्याची भिंत. किंवा दुसरी बोट! हे मला कोणीच सांगितलं नव्हतं, गर्दीच्या बंदरात दोन-तीन बोटी एकमेकींना चिकटून बांधतात, तुमच्या खिडकीसमोर शेजारच्या बोटीतल्या माणसाची खिडकी येते आणि दोघांनाही पडदे ओढून बसावं लागतं. गावात जायचं तर शेजारच्या बोटीच्या लॉबीतून किंवा डेकवरून जायचं. त्यात धोका काही नाही, पण ज्येष्ठांबरोबर असाल तर वेळ धरून चला.

आणि ज्याला बाल्कनी म्हणतात ती बहुतेक वेळा फ्रेंच बाल्कनी असते, म्हणजे सरकतं काचेचं दार आणि त्याला लागून कठडा, उभं राहायला जागा शून्य. खुर्ची टाकून चहा पिता येईल अशी खरी बाल्कनी काही बोटींवरच असते आणि महाग असते, शिवाय ती जागा केबिनमधूनच कापलेली असते. कारण बोटीची रुंदी वाढवताच येत नाही. माइन-डॅन्यूब कालव्यावरची लॉक, म्हणजे बोट वर-खाली न्यायचे दारं असलेले पाण्याचे हौद, 12 मीटर रुंद आहेत म्हणून बोटी साधारण 11.4 मीटर रुंद बांधतात, दोन्ही बाजूंना 30-30 सेंमी राहतात फक्त. लांबी 110 किंवा 135 मीटर. त्यामुळे सगळ्या कंपन्यांच्या केबिन आकाराने मागेपुढे सारख्याच, 15-16 चौरस मीटरच्या आसपास. ब्रोशरमधला फोटो वाइड लेन्सने काढलेला असतो, तो बघू नका, डेक प्लॅन मागवा आणि त्यावर चौरस मीटर बघा.

खालच्या डेकवर खिडकी छताजवळ असते, उघडत नाही, पाणी अगदी खाली दिसतं. मला ती आवडली, स्वस्त, गारवा चांगला, मधल्या भागातली असेल तर शांत. पण मागच्या बाजूला इंजिन असतं आणि पुढे नांगर आणि वळायला लागणारा पंखा, तो लॉकमध्ये शिरताना घरघरतो, आणि पासाऊ ते व्हिएन्ना या टप्प्यात लॉक एकामागून एक येतात, त्यातली बरीच रात्री. ज्यांची झोप सावध आहे त्यांनी कुठलाही डेक घ्या पण मधल्या नंबरची केबिन घ्या. डेकपेक्षा ही गोष्ट जास्त महत्त्वाची आहे.

तरी आईबाबांना मी खालचा डेक दिला नाही. आईचे गुडघे. बऱ्याच बोटींवर लिफ्ट वरच्या दोन डेकमध्येच चालते, सगळ्यात खाली जात नाही आणि वर सनडेकलाही जात नाही. हे वेबसाइटवर "लिफ्ट आहे" एवढंच लिहिलेलं असतं, म्हणून मेल करून विचारायचं की लिफ्ट नक्की कुठल्या डेकपासून कुठल्या डेकपर्यंत. आम्ही दोघं खाली, आईबाबा मधे, हा हिशोब मला पटला आणि पुढच्या सगळ्यांना हाच करून दिला. अजून एक विचारायचं म्हणजे बेड एकत्र होतात का, काही बोटींवर ते काटकोनात भिंतीला पक्के असतात आणि दिवसा त्यातला एक सोफा होतो, एक भिंतीत जातो. आत्यांसारखं एकट्याने जाणारं कोणी असेल तर सिंगल सप्लिमेंट, म्हणजे एकट्याने केबिन घेण्याचे जादा पैसे, फार लागतं, ते कधीकधी मार्च-एप्रिलच्या सुरुवातीच्या किंवा नोव्हेंबरच्या फेऱ्यांना कमी करतात, तेव्हा आवर्जून विचारा.

मग बघायचं कुठून? सनडेकवरून. ऑस्ट्रियातलं वाखाऊ खोरं, म्हणजे डॅन्यूबवरचा मेल्क ते क्रेम्स हा 36 किलोमीटरचा पट्टा, युनेस्कोच्या यादीत आहे 2000 पासून, तिथे पूर्ण बोट वर येऊन बसली होती आणि बाल्कनीवाल्या केबिन रिकाम्या. डोंगरउतारावर द्राक्षाचे मळे, जर्दाळूच्या बागा, ड्यूर्नस्टाइनचा निळा मनोरा आणि वर तो पडका किल्ला जिथे इंग्लंडच्या रिचर्ड राजाला 1192 मध्ये कैद करून ठेवलं होतं. बाबांनी दुर्बिणीतून किल्ला बघितला आणि मग सिंहगडापासून राजगडापर्यंत सगळे विषय निघाले. बुकिंग करताना वेळापत्रकात बघायचं ते हे, की वाखाऊ दिवसा आहे का, आणि कुठल्या दिशेने आहे. प्रवाहाबरोबर दीड-पावणेदोन तासात संपतं, प्रवाहाविरुद्ध पावणेतीन ते तीन तास मिळतात. मी मुद्दाम परतीच्या प्रवासात दिवसा वाखाऊ असलेली फेरी निवडली. ऱ्हाईनवरही तेच, रुडेसहाइम ते कोब्लेंझ 65 किलोमीटरचा किल्ल्यांचा पट्टा आहे, लोरेलाय खडक, कौबला नदीच्या मधोमध उभा असलेला जकातीचा किल्ला, हे वर चढताना बघा, म्हणजे कोब्लेंझकडून रुडेसहाइमकडे. बुडापेस्टला रात्री शिरताना मात्र वर जॅकेट घालून बसा, पार्लमेंट डाव्या हाताला आणि राजवाडा उजव्या हाताला येतो, कुठल्याही एका बाजूच्या केबिनमधून अर्धंच दिसेल.

नदीकाठी मोठाले आकडे लिहिलेले बोर्ड दिसतात, ते किलोमीटर. डॅन्यूबवर ते काळ्या समुद्राकडून उलटे मोजतात, व्हिएन्ना 1929 च्या आसपास, बुडापेस्ट 1647. ऱ्हाईनवर कॉन्स्टान्सपासून सुलटे. बाबांना हे कळल्यापासून ते रोज वहीत आकडे लिहायचे आणि मग बोट ताशी किती जातेय ते काढायचे. सोबत वही न्या.

आता एक्सकर्शन, म्हणजे बोटीवरून उतरून गाव बघायच्या टूर. पॅकेज घेतलं की सगळ्या बंदरांवरची टूर घेतली जाते, आणि यातल्या निम्म्या गावांमध्ये टूरची गरजच नाही. मी प्रत्येक बुकिंगला कंपनीला एकच प्रश्न लिहून विचारते: बोट नक्की कुठल्या धक्क्याला बांधणार? मग तो धक्का मॅपवर टाकून गावापासूनचं अंतर बघते, आणि त्यावर ठरवते.

ब्रातिस्लावाला धक्का जुन्या गावाला लागूनच आहे, दहा मिनिटं चाललात की चौकात, टूर घेऊ नका. पासाऊ स्वतःच इतकं छोटं आहे की डॅन्यूब, इन आणि इल्झ या तीन नद्यांचा संगम आरामात पायी होतो, इनचं पाणी हिरवट आणि इल्झचं काळपट वेगळं दिसतं, जुन्या टाऊन हॉलच्या भिंतीवर पुराच्या खुणा आहेत, 2013 च्या जूनमधली 12.89 मीटरची खूण बघून सांगली-कोल्हापूरचा पूर बघितलेल्या आत्यांना काय वाटेल हे माझ्या मनात आलंच, म्हणून त्यांना तिथला फोटो पाठवला.

व्हिएन्नाला बोटी राईशब्रुक पुलाजवळ लागतात, तिथून फोरगार्टनस्ट्रासे स्टेशन चालत, आणि यू-1 मेट्रोने चौथं स्टेशन श्टेफान्सप्लाट्झ, म्हणजे थेट मोठ्या चर्चसमोर. शोनब्रुन राजवाड्याला जायचं तर श्वेडनप्लाट्झला उतरून यू-4. राजवाड्याची तिकीटं वेळेची असतात ती आधीच ऑनलाइन काढा. बोटीची बसटूर बरीच महाग होती आणि त्यातला वेळ ट्रॅफिकमध्ये जातो. पण लक्षात घ्या, काही बोटी नुसडॉर्फला लागतात, ते शहराच्या उत्तर टोकाला आहे, तिथून डी ट्राम किंवा हायलिगनश्टाट स्टेशनवरून यू-4. म्हणून धक्का विचारायचा, शहराचं नाव पुरत नाही.

बुडापेस्टला तर बोट चेन ब्रिजजवळ शहराच्या मधोमध असते. 2 नंबरची ट्राम नदीकाठाने पार्लमेंटपर्यंत जाते, आणि 1896 ची जुनी मेट्रो, युरोप खंडावरची पहिली, ती थेट सेचेनी गरम पाण्याच्या कुंडांपाशी सोडते. आईने तासभर पाय सोडून बसून घेतलं, म्हणाली आता वज्रेश्वरीला गेल्यासारखं वाटलं.

उलट मेल्कला मी बोटीची टूर घेतली. तिथला प्रसिद्ध मठ डोंगरावर आहे, चालत वीसेक मिनिटं पण शेवटचा चढ, आणि बोट तिथे काही तासच थांबते. लिंझहून साल्झबर्ग किंवा चेस्की क्रुमलोव्हला जायचं असेल तर तिथेही बोटीचीच टूर घ्या, भले महाग वाटली तरी. साल्झबर्ग ट्रेनने सव्वा तासावर आहे, स्वतः जाता येतं, पण ट्रेन लेट झाली तर बोट तुमच्यासाठी थांबणार नाही, बोटीच्या टूरची बस लेट झाली तर मात्र थांबते. हा फरक मला सगळ्यात मोलाचा वाटतो. बोट रात्री उशिरा निघणार असेल किंवा दुसऱ्या दिवशीपर्यंत तिथेच असेल तर स्वतः फिरा, संध्याकाळी पाचला निघणार असेल आणि ठिकाण लांब असेल तर बोटीची टूर. बोटीवर "ऑल अबोर्ड" ची, म्हणजे सगळ्यांनी परत यायची, वेळ लिहिलेली असते, ती निघायच्या आधीची असते, तिचा फोटो फोनमध्ये घेऊन उतरा.

ऱ्हाईनवर कोब्लेंझ आणि रुडेसहाइम दोन्हीकडे धक्क्याजवळच केबल कार आहे, कोब्लेंझची नदी ओलांडून एरेनब्राइटश्टाइन किल्ल्यावर जाते, सासूबाईंना ती फार आवडली. श्ट्रासबुर्गला धक्का जुन्या गावापासून लांब, तिथे टूर नाहीतर निदान शटल हवी. रविवार आला तर जर्मनी-ऑस्ट्रियात दुकानं बंद, खरेदीचा दिवस आधीच बघा.

या सगळ्याच्या वर नदीचं पाणी. ते कमी झालं की बोट अडते, जास्त झालं की पुलाखालून जात नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये ऱ्हाईनवर कौबच्या पाणी मोजायच्या पट्टीवर फक्त 25 सेंमी होतं. (पट्टीचा शून्य म्हणजे नदीचा तळ नव्हे, बोटींच्या वाटेत त्यापेक्षा मीटरभराहून जास्त पाणी असतं, त्यामुळे आकडा बघून घाबरू नका.) मी महिनोन्‌महिने एल्विस आणि पेगेलऑनलाइन या जर्मन सरकारी साइट बघतेय, फुकट आहेत, सवय झाली की पंधरा सेकंदात कळतं. ऱ्हाईनसाठी कौब बघायचं, डॅन्यूबसाठी श्ट्राउबिंग ते फिल्सहोफेन हा टप्पा, तिथे बांध नाही, त्यामुळे उन्हाळ्याच्या शेवटी पहिली अडचण तिथेच येते. म्हणूनच मी न्युर्नबर्गहून सुरू होणाऱ्या फेऱ्या सोडून पासाऊहून निघणाऱ्या घेतल्या, तो टप्पाच टाळला. पाणी फारच कमी झालं तर कंपन्या प्रवाशांना बसने पलीकडच्या दुसऱ्या बोटीवर नेतात, केबिन साधारण तशीच देतात पण नंबर तोच मिळेल असं नाही, त्यामुळे अटी नीट वाचा.

जेवणाचं थोडक्यात, शाकाहारी हे बुकिंगच्या वेळीच लिहून द्या, चढल्यावर हेड वेटरला परत सांगा आणि अंडं चालतं की नाही तेही. मिळतं व्यवस्थित, पण चीज आणि बटाटा बराच होतो, आमच्याकडे शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट होतं. व्हिसाला प्रत्येक दिवसाचं बंदर लिहिलेलं कन्फर्मेशन कंपनीकडून मागून घ्या. पासाऊ-बुडापेस्ट पूर्ण शेंगेनमध्ये आहे, पण बोट पुढे बेलग्रेडला जाणार असेल तर सर्बिया शेंगेनमध्ये नाही, मल्टिपल एंट्री लागेल.

पुढच्या वर्षी पोर्तुगालमधल्या डोरोचं चाललंय. तिथे बोटी रात्री चालत नाहीत, सगळा प्रवास दिवसा, द्राक्षाच्या मळ्यांमधून. म्हणजे केबिनमध्ये बसूनही तासन्‌तास बघता येईल, त्यामुळे तिथे मी आईबाबांसाठी खरी बाल्कनीवाली केबिन शोधतेय, आणि लिफ्ट कुठल्या डेकपर्यंत जाते याचा मेल दोन कंपन्यांना टाकून ठेवलाय.