मरियमपूरची कॉफी : पाव किलोच्या पुडीबद्दल एका कंडक्टरचा अभिप्राय

एस.टी.त कंडक्टर होतो. परतवाडा-चिखलदरा मार्गावर अकरा वर्षं काढली. मरियमपूरची तिकिटं किती फाडली त्याला गणती नाही, पण गावात पाय ठेवला तो निवृत्तीनंतर, मागच्या डिसेंबरात, अन् तोही कॉफीसाठी.

झालं असं की चिखलदऱ्यात एका हॉटेलात ‘इथल्याच मळ्यातली’ म्हणून ऐंशी रुपयांचा कप पाजला. घोट घेतला अन् चव ओळखीची लागली. आमच्या घरी बाटलीत असते तीच पावडर! पोऱ्याला विचारलं, तर तो कानात म्हणे, “काका, खरी पाहिजे असन तर मरियमपूरले जा.”

गेलो. फळ्यांचा ठेला बंद होता. शेजारच्या घरी आवाज दिला तर एक आजी बाहेर आल्या. मला पाहून हसल्या. “तुम्ही ते ‘मिया, बारी’वाले कंडक्टर ना?”

कोरकूत, म्हणजे इथल्या कोरकू आदिवासींच्या भाषेत, एकला मिया, दोनला बारी. तिकिटापुरती तेवढी भाषा मी शिकलो होतो, अन् लोकांना त्याचंच हसू यायचं. हे माझं इतक्या वर्षांनी कोणाच्या ध्यानात राहील असं वाटलं नव्हतं.

आता मालाबद्दल. पाव किलोची पुडी दोनशे रुपये. त्यात चिकोरी (कॉफीत मिसळतात ती मुळाची पूड) नाही, काही नाही. झाडाची फळं लाल झाली की हातानं तोडतात, एकेका फळात दोन बिया. अंगणात ताडपत्रीवर सुकवतात, रात्री दवापासून झाकतात. वाळलं फळ हलवलं की आत बी खुळखुळते, तेव्हा ते तयार झालं म्हणायचं. मग उखळात कांडून टरफल पाखडतात अन् लोखंडी कढईत भाजतात. आजींनी माझ्यासमोर मूठभर भाजून दाखवली. आधी गवतासारखा वास येतो, मग भाजल्या शेंगदाण्यासारखा. दाणे तडतडायला लागले की त्या पळी थांबवत नाहीत. मी काही विचारलं तर उत्तर नाही. सारं ध्यान कढईत.

दळण मात्र एकसारखं नसतं. काही भरड, काही पीठ. अन् पुडी म्हणजे साधी प्लास्टिकची पिशवी, मेणबत्तीवर तोंड चिकटवलेली. पावसाळ्यात आठ दिवसांत वास उडेल. हा दोष मी त्यांच्या तोंडावर सांगितला. “मंग डबा आणत जा ना घरून,” इतकंच उत्तर.

पहिल्या दिवशी माझीच चूक झाली. घरी आल्यावर चहासारखी दुधात खळखळ उकळली. बायको म्हणाली, काढा केला की काय. आजींची रीत वेगळी : पाणी उकळून खाली उतरवायचं, त्यात दोन चमचे टाकायची, झाकण ठेवायचं, गाळ बसू द्यायचा, मग फडक्यातून गाळायची. गूळ वेगळा, तोंडात खडा धरून. तशी प्यायलो तेव्हा कळलं. कडू आहे, पण जीभ ओढत नाही, अन् शेवटी किंचित आंबटपणा राहतो.

कॉफी प्यायला ओट्यावर बसलो अन् दोन तास तिथंच गेले. चिखलदरा कॅप्टन रॉबिन्सननं १८२३ साली शोधला असं आपण शाळेत घोकलं. कोरकू तेव्हा इथंच होते, त्यांना कोणी शोधायला सांगितलं नव्हतं. साहेबांमागून मिशनवाले आले. आजींच्या घरात क्रूस आहे, मरियमचं चित्र आहे, अन् चुलीपाशी बोलणं सारं कोरकूत. ख्रिस्ती झाले म्हणून आदिवासीपण गेलं असं काही नाही, कायद्यानंही नाही.

मी कंडक्टरच्या सवयीनं विचारलं, सोयरे कुठले? म्हणाल्या, अर्धे तिकडचे, भैसदेहीकडचे. म्हणजे बैतूल जिल्हा, मध्य प्रदेश. त्यांचा जन्म १९५६च्या आधीचा. तेव्हा इथून बैतूलपर्यंत एकच राज्य होतं, राजधानी नागपूर. १ नोव्हेंबर १९५६ला विदर्भ मुंबई राज्यात गेला, १९६०ला महाराष्ट्र झाला. सरहद्द डोंगरावरून गेली, माणसं जिथल्या तिथं. सासऱ्यांचा भाऊ तिकडं वारला, तो जुन्या धर्मातच होता; त्याच्या नावानं सागाची मुंडा, म्हणजे मेलेल्या माणसाच्या आठवणीची लाकडी फळी, उभी केली, चंद्र-सूर्य कोरून. सासऱ्यांचा क्रूस इकडं. “दोघं भाऊ एका चुलीचं खाल्लेले,” म्हणाल्या, अन् माझा पेला पुन्हा भरला.

अमरावतीचा कॅथलिक धर्मप्रांतही १९५५चा, त्याआधी हा मुलूख नागपूरच्या बिशपांकडं होता. म्हणजे वर्ष-दीड वर्षाच्या अंतरानं आजींच्या गावाचं सरकारही बदललं अन् बिशपही. हे मी त्यांना मोठ्या हौशीनं सांगितलं. त्यांना फादरच्या मोटारसायकलचं कौतुक जास्त.

पुडीवर गावाचं नाव नाही, काहीच नाही. व्यापारी माल घेतो अन् स्वतःचं लेबल लावतो. मी म्हटलं, “आजी, ‘मरियमपूर’ छापा ना. कोणी विचारलं तर सांगता येते.” नातू म्हणाला, छापाईवाला हजारांच्या खाली घेत नाही, अन् घरची सारी झाडं मिळून वर्षाला हजार पुड्या होतच नाहीत. मग मीच घरून जुनी तिकीट-पेटी नेली, तिच्यात माल भरून आणला अन् झाकणावर पेनानं गावाचं नाव लिहिलं.

जायचं असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी, नवा माल तेव्हाच. रविवारी सकाळी जाऊ नका, मिस्सा, म्हणजे चर्चमधली प्रार्थना, सुटल्याशिवाय घरी कोणी भेटत नाही. सुटे पैसे न्या. अन् भरड दळण चालत नसेल तर नुसते भाजलेले दाणे मागा, मिक्सर घरी असतोच. मी आता तेच आणतो, अर्धा किलो.