३१६ एल सांगून बसवलेली ३०४: शुद्ध पाण्याच्या पाइपलाइनमधील फसवणूक

औषधनिर्मितीसाठी लागणाऱ्या शुद्ध पाण्याच्या पाइपलाइनचे डिझाइन, साहित्य आणि उभारणी हे सर्व काम आम्ही एकाच कंत्राटदाराकडे सोपवले होते. काम संपल्यावर त्याने दिलेल्या फायलींमध्ये प्रत्येक जोडाला क्रमांक होता आणि प्रत्येक नळीला प्रमाणपत्र होते. त्यांतील बराच मजकूर खोटा निघाला. अशा कामाची जबाबदारी ज्यांच्यावर आहे, त्यांना ही लबाडी कोणकोणत्या ठिकाणी केली जाते हे आधीच कळावे, म्हणून हा अनुभव लिहीत आहे.

करारात ३१६ एल प्रतीचे स्टेनलेस स्टील स्पष्ट नमूद होते. या प्रतीत २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असते आणि क्लोराइडमुळे धातूला पडणारे बारीक खड्डे रोखण्यात त्याचा मोठा वाटा असतो. ३०४ या स्टेनलेस स्टीलच्या दुसऱ्या प्रतीत ते घातलेले नसते, म्हणून ती स्वस्त पडते. माल आला तेव्हा कंत्राटदाराच्या प्रतिनिधीने नळीला चुंबक लावून दाखवले आणि ते चिकटत नाही, म्हणजे माल ३१६ एल आहे, असे ठामपणे सांगितले. वस्तुतः ३०४ लाही चुंबक सहसा चिकटत नाही, त्यामुळे या दोन प्रतींतील फरक त्या चाचणीतून कळूच शकत नाही, आणि या व्यवसायातील माणसाला एवढे ठाऊक नसेल यावर माझा विश्वास नाही. अनेक नळ्यांवर हीट नंबर, म्हणजे धातू वितळवलेल्या घाण्याचा क्रमांक, ज्यावरून नळी आणि प्रमाणपत्र यांची जुळणी होते, तो नव्हता. पॉलिश करताना छपाई निघून गेली, असे त्यावर उत्तर मिळाले.

पाइपलाइन सुरू झाल्यावर काही काळाने पाण्याच्या नमुन्यांत जिवाणूंची संख्या वाढू लागली आणि एक क्लॅम्प उघडला असता वेल्डच्या कडेला तांबूस थर दिसला. असा थर अस्सल ३१६ एलवरही येऊ शकतो, म्हणून केवळ तेवढ्यावरून आरोप करणे अन्यायाचे झाले असते. आम्ही धातूतील घटक जागेवरच मोजणारी क्ष-किरण गन मागवली, तेव्हा कित्येक नळ्यांत मॉलिब्डेनम जवळजवळ नसल्याचे दिसले. (ही गन कार्बन मोजू शकत नाही, म्हणून ३१६ आणि ३१६ एल यांतील कार्बनच्या प्रमाणाचा फरक तपासायचा असेल, तर नळीचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवावा लागतो.) प्रमाणपत्रे बनावट नव्हती, पण ती दुसऱ्याच मालाची होती. प्रमाणपत्रावर नोंदलेल्या लांबीपेक्षा कितीतरी अधिक नळी त्याच हीट नंबरखाली बसवल्याचे दाखवले होते, आणि कंत्राटदाराने दिलेला संपर्क टाळून आम्ही उत्पादकाला थेट लिहिले, तेव्हा तो माल दुसऱ्या ग्राहकाला गेल्याचे लेखी उत्तर आले.

यानंतर वेल्डच्या आतील बाजूचे बोरोस्कोपने, म्हणजे नळीत घालायच्या बारीक कॅमेऱ्याने, घेतलेले चित्रीकरण आम्ही शेजारी शेजारी लावून पाहिले. वेगवेगळ्या क्रमांकांच्या जोडांमध्ये एक लहानसा डाग अगदी त्याच जागी, त्याच आकाराचा दिसत होता. एकाच चांगल्या जोडाची फिल्म अनेक नावांनी दिलेली होती. प्रत्यक्ष नळ्या कापल्यावर आतून निळसर-तपकिरी पट्टे आढळले. वेल्डिंग करताना नळीत आर्गॉन पुरेसा खेळवला नाही आणि आत ऑक्सिजन उरला, की असे पट्टे उमटतात व तेथील गंजरोधक थर दुबळा होतो. चित्रीकरणाच्या सुरुवातीलाच नळीवर लिहिलेला जोडक्रमांक कॅमेऱ्यात दाखवण्याची अट घाला आणि आपला माणूस त्या वेळी तेथे उभा करा.

जिवाणूंच्या वाढीचे कारण मात्र मुख्यतः रचनेत होते. मंजूर ड्रॉइंगमध्ये नमुना घेण्याच्या ठिकाणी मुख्य नळीलाच जोडून असलेले डायफ्रॅम व्हॉल्व्ह होते. प्रत्यक्षात साधा टी (तीन तोंडांचा नळीचा तुकडा) बसवून पुढे स्वस्त व्हॉल्व्ह लावले होते. त्यामुळे पाणी साचून राहणारे टोक, म्हणजे डेड लेग, तयार झाले. त्याची लांबी शाखेच्या आतील व्यासाच्या दुपटीहून अधिक नसावी, ही अशा कामात पाळली जाणारी मर्यादा आहे. कंत्राटदाराच्या तक्त्यात मात्र ६० मिलिमीटर लांबीला मुख्य नळीच्या ५० मिलिमीटर व्यासाने भागून १.२ हे गुणोत्तर दाखवले होते. शाखेचा व्यास १२ मिलिमीटर होता, म्हणजे खरे गुणोत्तर ५ होते. निविदेसोबतच्या त्याच्याच तक्त्यात हे गणित शाखेच्या व्यासाने बरोबर केलेले होते, त्यामुळे ही नजरचूक मानता येत नाही. उतारही अनेक ठिकाणी ठरलेल्या १ टक्क्यापेक्षा कमी होता. तो तपासायला साधी पाणसळ पुरली.

पॅसिव्हेशन, म्हणजे स्टीलवरचा गंजरोधक थर रसायनाने पक्का करण्याची प्रक्रिया, सगळे वेल्डिंग संपल्यावर करायची असते. तिच्या अहवालावरची तारीख तर शेवटचे जोड वेल्ड होण्याच्या आधीची होती.

कराराच्या अटींनुसार शेवटचा हप्ता आम्ही रोखून धरला, पण साहित्य पोहोचताच दिलेली मोठी रक्कम परत मिळालेली नाही आणि त्याबद्दलचा दावा चालू आहे. नव्या करारात साहित्याचे पैसे माल पोहोचल्यावर मिळत नाहीत. प्रत्येक नळीची गनने तपासणी होऊन आमच्या निरीक्षकाने तिच्यावर हीट नंबर कोरल्यानंतरच ते दिले जातात, आणि वेल्डचा कोणताही जोड निवडून कापून पाहण्याचा हक्क आम्ही स्वतःकडे ठेवला आहे.