परतावा अडकला तर: आयकर पोर्टलची दुरुस्ती सेवा कशी आहे?

या पोर्टलवर परताव्यासाठी दोन वेगळ्या वाटा आहेत आणि बहुतेकांचा वेळ जातो तो चुकीची वाट धरल्यामुळे. म्हणून आधी कलम १४३(१) ची सूचना, म्हणजे विवरणपत्र तपासून आयकर विभाग पाठवतो तो हिशेब, उघडून परताव्याची रक्कम तपासा.

रक्कम बरोबर, पण पैसे पोचले नाहीत? मग ‘रिफंड रीइश्यू’, म्हणजे परतावा पुन्हा पाठवण्याची विनंती. कारण बहुधा खात्यातच असतं: खातं बंद, बँक विलीन झाल्यावर आयएफएससी बदललेला, किंवा पॅनवरचं आणि खात्यावरचं नाव जुळत नाही. खातं आधी ‘प्रीव्हॅलिडेट’ करा, म्हणजे पोर्टलवर पडताळून घ्या, मग विनंती, शेवटी आधार ओटीपी. हा भाग खरोखर चांगला जमलाय, सीएची गरज पडत नाही.

रक्कमच कमी असेल तर कलम १५४ चं रेक्टिफिकेशन, म्हणजे चूक दुरुस्तीचा अर्ज. इथे मात्र पर्यायांची नावं गोंधळात टाकतात. टीडीएस (आधीच कापलेला कर) २६एएसमध्ये, म्हणजे तुमच्या नावावर जमा कराच्या विवरणात, दिसतो पण हिशेबात धरला नाही, तर ‘टॅक्स क्रेडिट मिसमॅच’ निवडा. तिथे दिसतच नसेल तर अर्ज फुकट जातो. ज्याने कर कापला त्यानेच, म्हणजे कंपनीने किंवा बँकेने, आपलं टीडीएस विवरणपत्र सुधारायला हवं. वजावट दाखवायचीच राहिली असेल तर तीही इथे बसत नाही, मुदतीत सुधारित विवरणपत्र भरावं लागतं. पोर्टलने हे पहिल्याच पानावर ठळक सांगायला हवं होतं.

कलम २४५ ची नोटीस आली तर जुन्या थकबाकीत परतावा वळता होणार असतो. थकबाकी मान्य नसेल तर २१ दिवसांत असहमती नोंदवा आणि कर भरल्याच्या चलनाचा तपशील जोडा.