घरचा किमो पंप झकास, पिशवी भिकार (बरेच महिने वापरून)

फाइव्ह-एफयू या किमोच्या औषधाचा ४६ तासांचा बलूनवाला पंप घरी घेऊन जाणाऱ्यांसाठी लिहितेय, पोर्ट (औषध द्यायला कातडीखाली बसवलेली डबी), सुई, ड्रेसिंग हे तुम्हाला माहीतच असणार. किमोच्या मागच्या सायकलला, म्हणजे फेरीला, ठरलेल्या वेळी नर्स पंप काढायला आली तर बलून अजून फुगलेलाच. नंतर येते म्हणाली आणि गेली. हेल्पलाइनला फोन लावला तर म्हणे नळीवरचा क्लॅम्प (चिमटा) उघडा आहे ना बघा आणि वाट बघा. अहो उघडाच आहे! दोन दिवस बाटलीला बांधलेल्या माणसाला वरचे चार तास काय वाटतात ते स्वतः लावून बघा एकदा.

पंपाला मात्र नावं ठेवणार नाही. आधी बॅटरीवाला होता, तो रात्रभर घर्रघर्र करायचा आणि नळी जरा दुमडली की ठणाणा सुरू. हा एकदम गप, बॅटरी नाही, बटण नाही, बलून आक्रसत जातो तसं औषध आत जातं. पहिल्या रात्री तर आवाज नाही म्हणूनच झोप लागेना, चालू आहे की बंद पडलाय कळायला मार्गच नाही. आता मस्त झोपते. आपली गादी, आपली उशी, मळमळलं तर आपलंच बाथरूम. औषध लघवी-उलटीतूनही बाहेर येतं, म्हणून फ्लश तेवढा झाकण लावून दोनदा करायचा, पंप काढल्यावरही दोन दिवस, आणि खराब झालेले कपडे घरच्यांनी ग्लोव्ह्ज घालूनच उचलायचे.

राग आहे तो पंप ठेवायच्या पिशवीवर. कमरेला बांधली की घसरून मांडीवर येते, गळ्यात अडकवली की कुशीवर वळताना नळी ताणते. वर पट्ट्याला इवलीशी धातूची कडी! ऑक्सॅलिप्लॅटिननंतर (हे किमोतलं दुसरं औषध) गार वस्तूला हात लागला तरी बोटांना झिणझिण्या येतात, त्या बोटांनी ही कडी उघडायची. उपचाराला एवढा पैसा ओतायचा आणि पट्ट्याला धड बक्कल नाही. ज्याने ही शिवली तो ती घालून एक रात्रही झोपलेला नाही, पैज लावते.

अपडेट: वरचं लिहून तसंच पडलं होतं, मधे अजून एक सायकल झाली. यावेळी दुसरी नर्स होती. तिने नळीवरचा तो छोटा फ्लो रिस्ट्रिक्टर (औषधाचा वेग ठरवणारा तुकडा) बघितला आणि म्हणाली हा कातडीला चिकटलेलाच हवा, अंगाच्या उबेप्रमाणे त्याचा वेग ठरवलेला असतो, गार पडला की औषध हळू जातं. म्हणजे बघा, पिशवीने नळी ओढली, टेप सुटली, तो रात्रभर एसीत लोंबकळत राहिला आणि हेल्पलाइनवाले मला क्लॅम्प विचारत बसले! तिने टेप नीट लावून दिली, यावेळी वेळेत रिकामा.

पिशवी माळ्यावर गेली. जुन्या टी-शर्टचा पट्टा आणि खिसा शिवून घेतलाय, फुकटात, आणि टोचतही नाही. आणि हो, ताप ३८ सेल्सिअस म्हणजे १००.४ ला पोचला की त्या हेल्पलाइनच्या नादी लागू नका, थेट हॉस्पिटल गाठा, रात्रीचे तीन वाजले असले तरी.