मोटारीचे टायर: ऑनलाइन घ्यावेत की दुकानातून?

मोटारीचा टायर हातात पडला म्हणजे खरेदी संपली असे होत नाही. तो रिमवर चढवावा लागतो, हवा भरावी लागते, चाकाचे बॅलन्सिंग, म्हणजे सर्व बाजूंनी वजन समतोल, करावे लागते, आणि ही कामे यंत्राशिवाय नीट होत नाहीत. त्यामुळे ऑनलाइन विक्रेता आणि जवळचे दुकान यांत निवड करताना दोन किमती शेजारी मांडून भागत नाही. टायर कोण बसवणार आणि पुढे तक्रार उद्भवली तर ती कोण ऐकणार, हे प्रश्न माझ्या मते किमतीपेक्षाही अधिक वजनाचे आहेत.

तरीही सुरुवात किमतीपासूनच करू. संकेतस्थळावर दिसणारी किंमत बहुधा नुसत्या टायरची असते. तिच्यात वाहतूक, जुना टायर उतरवून नवा चढवणे, नवीन व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग आणि जुन्या टायरची विल्हेवाट हे खर्च मिळवल्यावरच ती दुकानदाराच्या किमतीशी ताडून पाहता येते. दुकानदार यांपैकी काही कामे किमतीतच धरतो, काही वेगळी लावतो. म्हणून ‘चारही टायर गाडीवर बसवून एकूण किती?’ हा एकच प्रश्न दोन्हीकडे विचारावा. बाहेरून आणलेले टायर बसवण्यासाठी काही दुकाने जास्त मजुरी घेतात आणि त्यात गैर काही नाही, कारण टायरच्या विक्रीतून सुटणारा नफा त्यांना मिळालेला नसतो. काही ऑनलाइन विक्रेते टायर थेट करार केलेल्या केंद्रावर पाठवून तिथेच बसवून देतात. ही सोय चांगली आहे, पण बसवताना रिमला ओरखडा गेला किंवा रिमवर बसणारी टायरची कड दुखावली तर भरपाई विक्रेता देणार की केंद्र, हे आधी लेखी विचारून घ्यावे.

निवडीच्या बाबतीत ऑनलाइनची बाजू निर्विवाद वरचढ आहे. दुकानात मोजक्याच कंपन्यांचा आणि खपणाऱ्या मापांचा माल असतो, आणि दुकानदार साहजिकच हाताशी असलेला टायर सुचवतो. कमी खपाचे माप हवे असेल, किंवा एकच टायर फाटला असून त्याच आसावरच्या दुसऱ्या टायरशी जुळणारे मॉडेल शोधायचे असेल, तर ऑनलाइन शोधाला तोड नाही. ओल्या रस्त्यावरची पकड, आवाज आणि इंधनावर होणारा परिणाम यांची माहितीही तिथे एकत्र पाहता येते.

मात्र एवढ्या मोठ्या निवडीत चूक करण्याची जागाही तेवढीच मोठी असते. टायरच्या बाजूवर ‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ असे लिहिलेले असेल, तर १८५ ही मिलिमीटरमधील रुंदी, ६५ म्हणजे रुंदीच्या तुलनेत बाजूच्या उंचीची टक्केवारी, आर म्हणजे रेडियल बांधणी आणि १५ हा रिमचा इंचांतील व्यास. पुढच्या ८८ कडे अनेकांचे दुर्लक्ष होते. तो भार-निर्देशांक असून त्याचा अर्थ एका टायरवर ५६० किलोपर्यंत भार असा आहे, आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. माप तेच पण भार-निर्देशांक कमी असलेला टायर स्वस्तात दिसतो आणि घेतला जातो. शिवाय एकाच गाडीच्या निरनिराळ्या आवृत्त्यांना निरनिराळ्या मापांचे रिम असतात, त्यामुळे केवळ गाडीचे नाव निवडून संकेतस्थळ जे माप सुचवेल त्यावर विसंबू नये. दाराच्या चौकटीवरील पट्टी किंवा गाडीची पुस्तिका पाहून खात्री करावी. दुकानात हे पडताळणी करणारे डोळे समोर असतात. ऑनलाइन खरेदीत ती जबाबदारी पूर्णपणे आपली असते.

टायरच्या वयाबाबत दुकानाची बाजू भक्कम आहे. टायरच्या बाजूवर ‘DOT’ या अक्षरांपुढे असलेल्या संकेताचे शेवटचे चार आकडे निर्मितीचा आठवडा आणि वर्ष सांगतात. ‘३५२४’ म्हणजे २०२४ सालचा ३५वा आठवडा. दुकानात पैसे देण्यापूर्वी खाली वाकून चारही टायरवरचे हे आकडे वाचता येतात आणि नको असलेला टायर बदलून मागता येतो. ऑनलाइन मागवताना तारीख छापलेली नसेल तर ऑर्डरपूर्वी विचारावी. न वापरताही रबर ऑक्सिजन आणि ओझोनमुळे हळूहळू कडक होत जाते, म्हणूनच काही टायर कंपन्या पाच वर्षांच्या वापरानंतर दरवर्षी तपासणी आणि निर्मितीपासून दहा वर्षांनंतर, नक्षी, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागावरच्या खाचा, शिल्लक असली तरी, बदल सुचवतात. ज्याची गाडी खूप धावते त्याची नक्षी वयाच्या आधीच झिजते, त्यामुळे नीट साठवलेला वर्षभरापूर्वीचा टायर सवलतीत मिळत असेल तर त्याने तो खुशाल घ्यावा. ज्याची गाडी आठवड्यातून एकदाच बाहेर पडते त्याने मात्र ताज्या मालाचाच आग्रह धरावा.

चांगल्या टायरवाल्याचे खरे मोल जुना टायर उतरवताना दिसते. मधला पट्टा जास्त झिजला असेल तर हवा जास्त भरली जात होती. दोन्ही कडा झिजल्या असतील तर कमी. एकच कड झिजली असेल तर अलाइनमेंट (चाकांचे कोन आणि दिशा) किंवा सस्पेन्शनमध्ये दोष असण्याचा संभव. हे कारण दूर न करता बसवलेला महागडा टायरही त्याच पद्धतीने, लवकर झिजतो. घरपोच आलेल्या टायरसोबत हे निदान येत नाही, ते वेगळे करून घ्यावे लागते. दोनच टायर बदलायचे असतील तर नवे टायर मागे लावावेत, असा सल्ला टायर कंपन्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांसाठीही देतात, कारण ओल्या वळणावर मागची पकड आधी सुटली की गाडी गरकन फिरते आणि सामान्य चालकाला सावरता येत नाही. जाणता टायरवाला हे स्वतःहून सांगतो. तो गप्प राहिला तर आपण सांगावे.

हमी कंपनीची असते, त्यामुळे कागदोपत्री दोन्हीकडे फारसा फरक नसावा. ती साधारणतः निर्मितीतील दोषापुरती असून भरपाई उरलेल्या नक्षीच्या प्रमाणात मिळते. फरक पडतो तो प्रत्यक्ष पाठपुराव्यात. जिथे घेतला तिथेच बसवला असेल तर दाद मागण्याची जागा एकच असते. घेतला एकीकडे आणि बसवला दुसरीकडे, तर फुगवटा आल्यावर विक्रेता बसवणाऱ्याकडे आणि बसवणारा टायरकडे बोट दाखवू शकतो. न बसवलेला टायर परत करण्यासाठी अनेक ऑनलाइन विक्रेते मुदत देतात, पण एकदा रिमवर चढला की तो सहसा कोणीच परत घेत नाही; म्हणून माप, भार-निर्देशांक, तारीख आणि रिमवर बसणाऱ्या कडेची स्थिती चढवण्यापूर्वीच तपासावी.

प्रवासात टायरची बाजू फाटली तर तुलनेला वावच नाही. बाजूचे पंक्चर दुरुस्त होत नाही आणि अरुंद, तात्पुरत्या स्टेपनीवर बहुधा ताशी ८० किलोमीटरचीच मर्यादा असते. तेव्हा जवळचे दुकान गाठावे.

घाई नसेल, माप पक्के ठाऊक असेल आणि मजुरी आधीच ठरवून देणारा विश्वासू टायरवाला असेल, तर ऑनलाइन खरेदी मला योग्य वाटते. यांपैकी एखादी जरी अट पुरी होत नसेल तर थोडे जास्त पैसे देऊन दुकानातून घेणे शहाणपणाचे. तिसरा मार्गही आहे: मॉडेल ऑनलाइन अभ्यासून ठरवावे आणि दुकानदाराला तेच, अलीकडच्या तारखेचे, मागवून देण्यास सांगावे. घ्याल तिथून घ्या, पण ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर चाकांचे नट पुन्हा योग्य ताकदीने आवळून देणे आणि स्टेअरिंग थरथरत असेल तर बॅलन्सिंग पुन्हा पाहणे मजुरीत धरले आहे का, हे पैसे देण्याआधीच विचारून घ्यावे.