स्पूल घ्यावा की कॅसेट डेक: माझा कल कुठे आणि का

स्पूल (उघड्या चकत्यांवर टेप गुंडाळणारा जुना टेपरेकॉर्डर) की चांगला थ्री-हेड कॅसेट डेक (पुसायला, भरायला आणि वाजवायला वेगळं हेड असलेला), असं विचारणाऱ्यांना टेपची रुंदी, हेड, मोटर वगैरे माहीत असतंच, त्यामुळे ते सगळं सोडून देतो. माझ्याकडे काही वर्षं दोन्ही शेजारी शेजारी होते, एक रेव्हॉक्स ए७७ स्पूल आणि एक जपानी थ्री-हेड डेक (नाव नाही सांगत, उगाच त्याचे भक्त अंगावर यायचे), आणि आता एकच उरलाय.

कॅसेटची बाजू आधी, कारण ती लोक समजतात तेवढी लंगडी नाही. चांगल्या डेकवर टाइप टू (साध्यापेक्षा वरच्या दर्जाची) कॅसेट लावून, तिथेच भरून तिथेच ऐकली तर डोळे मिटून मला दर वेळी फरक ओळखता येईलच असं मी छातीठोकपणे नाही सांगणार. शिवाय ऐकायला माल आहे. ऐंशी-नव्वदच्या दशकातली भावगीतं, नाट्यसंगीत, भजनं, सगळं कॅसेटवर आलं आणि जुन्या बाजारात, रद्दीवाल्याकडे अजून सापडतं. स्पूलवर आपल्याकडचं विकत मिळण्यासारखं जवळपास काही नाही, जे आहे ते कुणीतरी बैठकीत बसून केलेलं घरगुती रेकॉर्डिंग. आणि ए७७ पंधरा किलोच्या आसपास भरतो, तो ठेवायचा कुठे हा प्रश्न फ्लॅटमधे छोटा नाही.

मला जे खटकलं आणि खटकतच राहिलं ते म्हणजे अझिमथ, टेप वाचणाऱ्या हेडचा टेपशी असलेला कोन.

कॅसेटमधली टेप सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर सरकते, म्हणजे १० किलोहर्ट्झच्या आवाजाची एक लाट टेपवर जेमतेम ५ मायक्रॉनची होते, त्यामुळे हेड जरासं कललं की वरचा (बारीक, तीक्ष्ण) आवाज गेलाच. स्पूल १९ सेंटिमीटरवर चालवला तर तीच लाट चौपट लांब, तिथे थोडं इकडेतिकडे चालून जातं. बरं, तुम्ही तुमचं हेड अगदी नीट लावून घेतलंत तरी उपयोग काय, ती कॅसेट कुणी कुठल्या टू-इन-वनवर भरली आणि त्याचं हेड कसं होतं ते देव जाणे, आणि टेपला सरळ धरायचं अर्धं काम त्या प्लास्टिकच्या डबीकडे असतं, जी उन्हात गाडीच्या डॅशबोर्डवर राहून वाकडी झालेली असते. स्पूलमधे टेपला धरणारे गाइड मशिनचे असतात, दर टेपबरोबर बदलत नाहीत. त्यात कॅसेट डॉल्बीवर (टेपची सरसर, म्हणजे हिस, कमी करणारी पद्धत) भरलेली असेल तर दुष्काळात तेरावा महिना, कारण वरचा आवाज आधीच कमी आलेला आणि डॉल्बी तो हिस समजून अजून दाबतो.

माझ्याकडे मोजमापाचं यंत्र नाही, मी तानपुऱ्यावर जातो. जवारी (तारांची झणझण) उघडी ऐकू आली की अझिमथ बरोबर. एका बाजूला तारा छान झणझणतायत आणि कॅसेट उलटली की तोच तानपुरा घोंगडी पांघरून बसल्यासारखा, मग बारका स्क्रूड्रायव्हर घेऊन हेडचा स्क्रू फिरवायचा, जवारी उघडली की थांबायचं, पुढची कॅसेट लावली की पुन्हा पहिल्यापासून, आणि मग स्वतः भरलेल्या कॅसेटसाठी मूळ जागा कुठली होती ते परत शोधायचं. बायको एकदा म्हणाली, गाणं ऐकताय की रेडिओ दुरुस्त करताय? उत्तर नव्हतं. ही कटकट किती खरी आहे बघा, नाकामिचीने १९८२ मधे ड्रॅगन नावाचा कॅसेट डेक काढला तो वाजवताना अझिमथ आपोआप जुळवून घेतो, म्हणजे इंजिनियर लोकांनाही हेच छळत होतं. पण ड्रॅगनच्या आजच्या किमती बघा आणि तो बिघडला तर आपल्याकडे उघडणार कोण याचाही विचार करा.

आता स्पूल म्हणजे सुखच सुख असंही नाही हो. नवी टेप फ्रान्सची आरटीएम किंवा अमेरिकेची एटीआर मागवायची, वर कस्टम, त्यामुळे रोजच्या भरण्यासाठी कोणी स्पूल घेत असेल तर मी दोनदा विचार करायला सांगेन. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही टेप्स, उदाहरणार्थ अँपेक्स ४५६, दमट हवा पिऊन चिकट होतात, हेडवर तपकिरी गाळ सोडतात आणि चिरकत थांबतात, मग त्यांना ५०-५५ डिग्रीला काही तास भाजून लगेच कॉपी करून घ्यावी लागते. घरच्या ओव्हनमधे हा उद्योग करू नका. बुरशी मात्र दोघांनाही लागते, आपला पावसाळा भेदभाव करत नाही.

आणि एक, जपान-अमेरिकेतून आलेला स्पूल नुसता स्टेपडाउन (व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर) लावून चालवायला जाऊ नका. ज्यांची कॅपस्टन मोटर (टेप ओढणारी) थेट मेन्सच्या ६० हर्ट्झवर बांधलेली आहे त्या आपल्या ५० हर्ट्झवर सहाव्या हिश्श्याने हळू फिरतात, काळी एकमधे गाणारे बुवा काळी पाचात उतरतात आणि द्रुत बंदिश मध्य लयीत येते. पुली बदलून काम होतं, पण ती मिळायला हवी ना. १९६७ चा ए७७ काय किंवा त्याच कंपनीचा १९७७ चा बी७७ काय, मोटरचा वेग इलेक्ट्रॉनिक पद्धतीने सांभाळला जातो म्हणून हा घोळ नाही. ए७७ घेतलात तर आतले जुने कपॅसिटर बदलायचा खर्च धरूनच चाला, पण तो एकदाच आणि कुठलाही बऱ्या हाताचा माणूस करू शकतो, सगळं मोठं, सुटं, डोळ्यांना दिसणारं आहे. कॅसेट डेकमधे एक बेल्ट बदलायला निम्मं मशिन टेबलावर येतं.

घरातल्या जुन्या टेप्स वाजवायला घेत असाल तर फोर-ट्रॅकवालाच (टेपवर चार पट्टे, दोन सुलट आणि दोन टेप उलटल्यावर) बघा. टू-ट्रॅक स्टिरिओ (दोनच पट्टे, दोन्ही एकाच दिशेने) दिसायला भारी, पण दोन्ही बाजूंनी स्टिरिओ भरलेली घरगुती टेप त्यावर लावली की सुलट गाणं आणि उलटं गाणं एकदमच सुरू. मोनो टेप फोर-ट्रॅकवर लावलीत तर उजव्या चॅनलला दुसरी बाजू उलटी वाजते, तो चॅनल बंद करायचा, झालं. बऱ्याच टेप्स काटकसर म्हणून सेकंदाला ४.७५ सेंटिमीटरवर भरलेल्या निघतात आणि हा वेग हायफाय डेकवर सहसा नसतो, तेव्हा ९.५ वर कॉम्प्युटरमधे घेऊन तिथे निम्मा करायचा, टोन थोडा हाताने सारखा करावा लागेल.

ज्यांच्याकडे फक्त कॅसेट आहेत त्यांनी अर्थातच डेक घ्यावा, स्क्रूची सवय होते म्हणतात, मला नाही झाली. स्पूलच्या टेप्स घरात असतील किंवा मिळायची शक्यता असेल तर मी तरी कॅसेटकडे वळणार नाही. बघायला जाताना स्वतःची एक टेप बरोबर न्या, मात्र कॉपी न झालेली नेऊ नका, विकणाऱ्याच्या मशिनचे ब्रेक कसे आहेत ते टेप ताणली गेल्यावरच कळतं.