'कट प्रूफ' हातमोज्याच्या नावाखाली १५,७९९ रुपयाला गंडवलं, जाळ्यावर जाणाऱ्यांनी वाचाच

आधी आकडा सांगतो. हातमोज्याचे १२ जोड, एका जोडाचे ११५०, म्हणजे १३,८०० आणि वरून 'रिफंडेबल हँडलिंग चार्ज' म्हणून १,९९९. एकूण १५,७९९ रुपये. आणि हे माझ्या एकट्याचे नव्हते, जायकवाडी धरणाच्या नाथसागरावर माशाचं जाळं टाकणाऱ्या आमच्या पोरांची वर्गणी होती. आता रोज सकाळी काठावर त्यांच्याच तोंडाकडं बघावं लागतंय. लाज वाटती, पण लिहितोय.

पैठणच्या बाजूला ज्यानं जाळं ओढलंय त्याला हाताचं सांगायची गरज नाही. नायलॉननं पेराला चिरा पडतात, त्यात चिलापी माशाचे काटे, आणि शिंगटा मासा हातात वळला की त्याचा कडेचा काटा थेट तळव्यात. हातमोजे विकणाऱ्या पेजवरच्या व्हिडिओत एक गोरा माणूस समुद्रात बुडी मारून भाल्याच्या बंदुकीनं मासा मारतो, तडफडणारा मासा हातमोज्यानं गच्च आवळतो, मग त्याच हातमोज्यावर चाकू लावून दाखवतो. आपल्याकडं भाल्यानं कोणी मारत नाही, पण म्हणलं जे समुद्रातल्या खडकाला टिकतंय ते आपल्या जाळ्याला टिकंलच की. ह्यात काय चुकलं? कुणीबी हाच विचार केला असता.

मी त्या विकणाऱ्याला व्हॉट्सअॅपवर म्हणलं, हातमोजा पाण्यात बुडवून जिवंत मासा धरून दाखवा. त्यानं पाठवला फोटो, कोरडा हातमोजा आणि त्यात स्टीलची बाटली. तिथंच! तिथंच सगळं दिसत होतं. मी ओला मागितला, त्यानं कोरडा दाखवला. पण पाठोपाठ जीएसटी नंबर असलेलं बिल आलं, 'सर लास्ट स्टॉक है' सुरू झालं, इकडं पोरं मागं लागलेली, अशात माणूस बिलावर विश्वास ठेवणार नाही तर कशावर ठेवणार? तो नंबर नंतर जीएसटीच्या पोर्टलवर टाकला तर भलत्याच कापड दुकानाचा निघाला. दोन मिनिटाचं काम आहे, फुकट आहे, पैसे टाकायच्या आधी करा. पैसे तर एका बाईच्या नावाच्या यूपीआयवर गेले, दुकानाचं नाव कुठंच नाही.

पार्सलमध्ये काय आलं? हार्डवेअरवाल्याकडं मिळतात ते ठिपकेवाले सुती हातमोजे. माशाच्या बुळबुळीवर ते ठिपके अजिबात पकडत नाहीत. वर शिक्का, EN ३८८ (हातमोज्याच्या मजबुतीचं युरोपचं मानक), खाली ५५५५. आता कळलंय ते सगळ्यांनी नीट वाचा. त्या खालच्या चार आकड्यातला पहिला, हातमोजा घासण्याला किती टिकतो त्याचा असतो आणि तो ४ च्या वर जातच नाही, म्हणजे ५५५५ दिसलं की माल खोटा. दुसरा कापण्याचा, तिसरा फाटण्याचा, चौथा टोचण्याचा. आपल्याला चौथा बघायचा, कारण विणलेला हातमोजा पात्याला अडवंल पण काटा धाग्याच्या मधून आत जातो. माझ्या पुतण्याच्या हातात तसाच गेला, मनगटापर्यंत सूज. शिंगट्याचा काटा लागला तर सोसवंल तेवढ्या गरम पाण्यात हात धरा आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, हळद लावून बसू नका.

आणि तो चाकूचा व्हिडिओ. परत परत बघितला तवा दिसलं, तो चाकू ओढतच नाही, नुसता दाबतोय. धारेचं पातं ओढल्याशिवाय नीट कापतच नाही.

आता तक्रारीचं ऐका. ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, हातमोजे घालून मासे धरता का? मग म्हणे रक्कम लहान आहे, ग्राहक आयोगात जा. तिथं गेलो तर विरुद्ध पार्टीचा पत्ता आणा. पत्ता असता तर मी तिथं कशाला आलतो, पार्सलवरचा पत्ताच खोटा आहे. बँकेत गेलो तर पिन तुम्हीच टाकला, आम्ही काय करणार. परत ठाण्यात, तर साहेब बंदोबस्ताला. अर्ज दोनदा लिहून घेतला, पोच एकदाबी दिली नाही. लाखाची फसवणूक झाली तरच पोलीस हलणार का? आमच्या पोरांना हा पैसा परत उभा करायला किती खेपा मारायला लागतात ते खुर्चीवरच्याला काय कळणार! बीएनएस म्हणजे भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये फसवणूक बसती, रकमेची अट नाही. हद्दीचं कारण दिलं तर झिरो एफआयआर मागा, तो हद्द न बघता कुठल्याबी ठाण्यात नोंदवता येतो. आणि पैसे गेल्या गेल्या १९३० ह्या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा, पार्सलची वाट बघत बसू नका, तवर पैसे पुढच्या खात्यात जातात.

घ्यायचेच असतील तर दुकानात जाऊन हातात घालून, ओले करून घ्या. तळव्याला खरबरीत नायट्राइलचा (एक प्रकारचं रबर) थर असला तर बुळबुळीत पकड येती. बोटाच्या मुळाशी तळव्याचा घेर मोजून साइज घ्या, ढिला हातमोजा आतल्या आत फिरतो आणि जाळ्याच्या गाठीत अडकतो, खोल पाण्यात ते जिवावरचं आहे. जाड निओप्रिनच्या (फोमसारखं रबर) नादी लागू नका, बोटाला दोराच कळत नाही.

तो नंबर आता बंद आहे. पण तोच गोरा माणूस, तोच चाकू दुसऱ्या नावाच्या पेजवर काल रात्री परत दिसला, जोडी ८९९ लावलीय आणि खाली लोक पत्ते टाकायलेत.